नौका, लांकूड आणि पाणी

चाळीसगांवांत बसून नौकांविषयीं लिहिणाऱ्यास वाचक हंसतील, हें आम्ही जाणून आहों. आमच्या तितूर व डोंगरी या नद्या वर्षांतील बहुतेक महिने नांवापुरत्याच वाहतात. 2021 सालच्या ऑगस्टअखेर त्या गांवांत शिरल्या, तेव्हां मात्र होडीची आठवण आम्हांसहि झाली. असो. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें अलिबागेहून जें पत्र धाडलें, त्यानें आम्हांस या विषयाच्या मागें लाविलें.

त्यानें फायबरग्लासची, सुमारें 20 फूट लांबीची एक जुनी यांत्रिक होडी स्वस्तांत घेतली होती. कवच ठणठणीत, यंत्रहि दुरुस्त होण्याजोगें. पण वरच्या तक्तपोशीवर, म्हणजे डेकवर, पाय ठेविला कीं ती गादीसारखी दबे. पूर्वींच्या कोणा कारागिरानें तिजवर नवा लेप चढवून रंग फांसला होता. (असे लेप आम्हीं इतिहासलेखनांतहि पुष्कळ पाहिले आहेत.) तो तोडून पाहतां आंतलें लांकूड ओल्या भुशासारखें हातास आलें. "काच कुजत नाहीं असें सांगून मला होडी विकली; मग हें काय कुजलें? आणि आतां ती दुरुस्त करूं, कीं मोडीत घालूं?" असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न खरा सुताराचा. पण त्याचें अर्धें उत्तर इतिहासांत सांपडतें.

लांकडाचा वैरी समुद्र, असें आपण समजतों. तें पुरतें खरें नाहीं. कार्ल्याच्या चैत्यगृहांत छताला लाविलेल्या लांकडी फासळ्या सुमारें दोन हजार वर्षें जागच्या जागीं आहेत; खालून पाहणारास एखादें तारूं उलटें टांगल्याचा भास व्हावा. त्या कोरड्या राहिल्या, म्हणून राहिल्या. आमच्या जवळच, सातमाळ्याच्या कुशींत, पितळखोऱ्यास त्याच परंपरेचें चैत्यगृह आहे. पण तेथें झिरपत्या पाण्यानें दगडहि खाल्ला आहे, मग लांकडाची काय कथा! उलट स्वीडनचें वासा हें जहाज 1628 सालीं पहिल्याच सफरीस बुडालें, तें 333 वर्षांनीं, 1961 सालीं, जवळजवळ सबंध वर निघालें. बाल्टिकच्या निमखाऱ्या पाण्यांत लांकूड पोखरणारा किडा जगत नाहीं, आणि तळाच्या गाळांत बुरशीला हवा मिळत नाहीं. सारांश, अगदीं कोरडें लांकूड टिकतें व पुरतें बुडालेलेंहि टिकूं शकतें. मरतें तें अर्धवट ओलें. त्यांतहि बुरशीला मानवतें तें खाऱ्यापेक्षां पावसाचें गोडें पाणी.

आमच्या दर्यावर्दी पूर्वजांस बुरशीचें शास्त्र ठाऊक नव्हतें, पण पावसाळा ठाऊक होता. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेलें जें आज्ञापत्र लिहिलें गेलें, त्यांत समुद्र खवळण्यापूर्वीं आरमाराची छावणी कोठें व कशी करावी, याचीहि आज्ञा आहे. आंबा व फणस हीं झाडें आरमाराच्या कामाचीं खरीं, पण रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं, म्हणून त्यांस हात लावूं नये, असेंहि तेंच आज्ञापत्र बजावतें. जेथें तक्त्याची किंमत एवढी जाणली जात होती, तेथें तो पावसांत कुजूं देणें हा अपराधच ठरे.

मुंबईच्या वाडिया घराण्यानें सागाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचा दाखला आजहि पाण्यावर आहे. लवजी नसरवानजी 1736 सालीं सुरतेहून मुंबईस आले व 1750 सालीं तेथें सुकी गोदी झाली. याच घराण्यांतील जमशेटजी बमनजी यांनीं बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका 12 ऑक्टोबर 1817 रोजीं पाण्यांत उतरली. तिचे नकाशे विलायतेहून येतांना वाटेंतच 1812 सालच्या अमेरिकन युद्धांत जहाजासह नष्ट झाले, ते पुन्हां धाडावे लागले. ओकच्या आम्लानें लोखंडी खिळे खाल्ले जातात. साग आपल्या तेलानें स्वतःसहि राखतो व खिळ्यांसहि. ही नौका 1897 सालीं मोडीत विकली गेली होती! एका गृहस्थानें ती सोडविली, आणि 1990 ते 2001 या काळांत इंग्लंडांत हार्टलपूल येथें, कुजलें तें काढून व शक्य तेथें मूळ लांकूड राखून, तिचा जीर्णोद्धार झाला.

आतां फायबरग्लास. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत या होड्या प्रथम झाल्या. पातळ काचेचा पत्रा पायाखालीं लवतो, म्हणून तक्तपोशींत दोन काचथरांच्या मध्यें बाल्सा किंवा प्लायवुड घालीत. योजना उत्तम, पण कठडे, दोर बांधण्याचे खुंट, झांकणें यांच्या प्रत्येक स्क्रूसाठीं तिला भोंक पडतें. भोंकांतलें भरण कांहीं वर्षांनीं वाळून तडकतें आणि पावसाचें पाणी थेंबाथेंबानें आंत उतरतें. जुन्या सागवानी तक्तपोशींतून पाणी गळे तें खालीं निजलेल्या खलाशाच्या नाकावर. दुसऱ्याच दिवशीं सुतार कापूस व राळ घेऊन हजर. येथें वरून काच, खालून काच. पाणी शिरलें कीं बाहेर पडत नाहीं, उन्हानें वाळत नाहीं आणि कोणास दिसतहि नाहीं. जें अभेद्य म्हणून घेतलें, त्यानेंच ओल कोंडून ठेविली.

म्हणून आम्हीं त्यास लिहिलें: होडी मोडूं नकोस. काचेचें कवच जळणास उपयोगी नाहीं आणि मातींतहि मिळत नाहीं. तें किनाऱ्यावर टाकणें म्हणजे पुढच्या पिढीच्या अंगणांत टाकणें होय. मात्र वरून लेप नको. लहान हातोडीनें सगळीकडे ठोकून पहा. जेथें आवाज बद्द येईल तेथवर खडूनें रेघ मार. वरचा थर कापून जपून ठेव, ओलें तेवढें सारें काढ, आणि कड कोरडी लागेपर्यंत थांबूं नकोस. पुरतें वाळल्यावरच नवें सागरी प्लायवुड इपॉक्सींत बसव. प्रत्येक स्क्रूचें भोंक आधीं मोठें पाड, इपॉक्सीनें बुजव आणि त्या भरणांतच नवें पाड, म्हणजे स्क्रूला लांकूड दिसणार नाहीं.

मृगाच्या आधीं त्याचें उत्तर आलें. होडी पत्र्याच्या छपराखालीं छावणीस घातली आहे. भोंकें मोजतां 57 भरलीं, पैकीं 31 बुजवून झालीं. कापलेल्या कडेचें लांकूड अद्याप बोटास गार लागतें, म्हणून प्लायवुड दिवाळीनंतर बसवावयाचें त्यानें ठरविलें आहे.