द लंचबॉक्स

द लंचबॉक्स : रितेश बत्रा दिग्दर्शित हिंदी चित्रपट (2013). भारत, फ्रान्स आणि जर्मनीतील निर्मात्यांनी मिळून काढलेला. मुंबईतील डबेवाल्यांच्या हातून एक डबा चुकीच्या टेबलावर जातो आणि त्यातून दोन अनोळखी माणसांत चिठ्ठ्यांची देवाणघेवाण सुरू होते, एवढेच कथासूत्र. याला प्रेमकथा म्हणायचे की एकाकीपणाची हलकीफुलकी गोष्ट, यावर प्रेक्षकांचे एकमत होणार नाही. अनोळखी माणसाशी केलेल्या साध्या चांगुलपणातून प्रेम उगवते ही कल्पना मात्र दोन्ही अर्थांना पुरते.

इला (निम्रत कौर) नवऱ्याचे लक्ष पुन्हा आपल्याकडे वळावे म्हणून मन लावून स्वयंपाक करते. तो डबा पोहोचतो साजन फर्नांडिसकडे (इरफान खान). साजन विधुर आहे, क्लेम विभागात पस्तीस वर्षे नोकरी केलेला, निवृत्तीला टेकलेला. त्या दिवशी डबा चाटूनपुसून परत येतो. रात्री नवरा मात्र भलत्याच भाजीचे कौतुक करतो, तेव्हा इलाला घोळ कळतो. दुसऱ्या दिवशी ती डब्यात चिठ्ठी ठेवते. साजनचे पहिले उत्तर आभाराचे नाही, जेवण खारट झाल्याची तक्रार आहे. पुढच्या डब्यात तिखटाचा मारा होतो. दोघांच्या ओळखीची सुरुवात अशी रुसव्यानेच होते आणि विनोदी लेखनाच्या दृष्टीने चित्रपटाचा सर्वांत सरस भाग हाच. माटुंग्याच्या इराणी हॉटेलात भेट ठरते, साजन तिला लांबून पाहतो आणि समोर न जाता परततो. शेवट मोकळा सोडला आहे.

मराठी प्रेक्षकाचा जीव जडतो तो मात्र वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटींवर. त्या पडद्यावर एकदाही दिसत नाहीत. ऐकू येतो तो भारती आचरेकर यांचा आवाज, ‘वागले की दुनिया’ या मालिकेपासून घराघरांत ओळखीचा. खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली येते, तिच्यातून मसाला येतो, पाठोपाठ सल्ला. आंटींचे यजमान वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले, नजर छताच्या पंख्यावर लागलेली. पंखा थांबला तर त्यांचा श्वासही थांबेल या धास्तीने आंटी चालता पंखाच पुसून काढतात. हसावे की गलबलून जावे, असा हा तपशील आहे. नायक-नायिकेच्या प्रेमापेक्षा या न दिसणाऱ्या संसारात प्रेम जास्त आहे, असे म्हटले तरी वावगे ठरू नये.

बत्रांना मुळात डबेवाल्यांवर माहितीपट करायचा होता. घरचा डबा कचेरीत पोहोचवण्याची ही सेवा 1890 मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केल्याचे मानले जाते. डबेवाले बहुतेक मावळ, मुळशी, खेड, जुन्नर भागांतले. ठाणे, डोंबिवली, कल्याणकडच्या घरांतून सकाळी उचललेले डबे स्टेशनवर जमा होतात, झाकणावरच्या खुणा पाहून निवडले जातात, लोकलच्या लगेजच्या डब्यात चढतात आणि मुंबईत पुन्हा हात बदलून जेवणाच्या सुट्टीआधी कचेरीत पोहोचतात. उतरायचे स्टेशन, इमारत, मजला हे सारे त्या अक्षर-आकड्यांत असते. हार्वर्ड बिझनेस स्कूलने 2010 मध्ये या व्यवस्थेवर केस स्टडी लिहिली. इला तक्रार करते तेव्हा चित्रपटातला डबेवाला त्याच हार्वर्डचा आणि इंग्लंडच्या राजाचा दाखला देऊन चूक साफ नाकारतो. प्रिन्स चार्ल्स 2003 मध्ये डबेवाल्यांना खरेच भेटले होते, तेव्हा ते राजे नव्हते इतकेच. ज्या व्यवस्थेत डबा चुकणे ही नामुष्की, तिच्याच एका चुकीवर आख्खी कथा उभी आहे. त्या मानाने डबेवाल्यांना चित्रपटात माणूस म्हणून फारच थोडी जागा मिळते, ही त्याची उणीव. अखेरीस मात्र साजन डबेवाल्यांसोबत लोकलने निघतो आणि टाळांच्या ठेक्यावर त्यांचे भजन सुरू असते. तेवढ्यापुरता हा हिंदी चित्रपट मराठी होऊन जातो.

साजनच्या जागी येऊ घातलेला शेख (नवाजुद्दीन सिद्दीकी) लोकलमध्ये मांडीवरच्या बॅगेवर भाजी चिरतो. महिलांच्या डब्यात शेंगा सोलत, मेथी निवडत कल्याण-डोंबिवली गाठणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. चुकीची गाडीही कधी योग्य स्टेशनावर नेते, असा शेखचा विश्वास. कर्जतऐवजी कसाऱ्याच्या गाडीत चढलेल्या माणसाला कल्याण सुटल्यावर हे पटवणे कठीण.

फ्रेंच प्रेक्षकांना ‘द लंचबॉक्स’ जवळचा का वाटला असावा, हे समजायला झाँ-पिएर जने यांचा ‘आमेली’ (2001) हा चित्रपट आठवावा. माँमार्त्रच्या कॅफेत काम करणारी आमेली (ओद्रे तोतू) आपल्या घराच्या भिंतीत दडलेला एका मुलाचा पत्र्याचा डबा शोधते, तो आता प्रौढ झालेल्या मालकाला गुपचूप परत करते आणि मग लोकांचे लपून भले करण्याचा सपाटाच लावते. तिथेही सुरुवात डब्यापासूनच. पण आमेली ठरवून चांगुलपणा करते, इला आणि साजन यांच्याकडून तो नकळत घडतो. ‘आमेली’तले हिरवे-लाल, परीकथेसारखे पॅरिस इथे नाही. मायकेल सिमंड्स यांचे छायाचित्रण कचेरीच्या फायली, गर्दी आणि खिडकीतल्या उजेडापाशीच थांबते. संगीत मॅक्स रिश्टर यांचे.

कान महोत्सवात 2013 साली ‘क्रिटिक्स वीक’मध्ये चित्रपटाला ‘ग्रां राय दोर’ मिळाला. हा पुरस्कार फ्रान्समधल्या चित्रपटवेड्या रेल्वे कर्मचाऱ्यांचा, म्हणजे लोकलच्या सिनेमाला अगदी घरचाच. भारतात चित्रपट 20 सप्टेंबर 2013 रोजी लागला. ऑस्करसाठी भारतातर्फे याऐवजी ‘द गुड रोड’ हा गुजराती चित्रपट पाठवला गेला आणि त्यावरून बराच वाद झाला. बाफ्टा पुरस्कारासाठी इंग्रजीखेरीज इतर भाषांच्या विभागात नामांकन मिळाले. सिद्दीकी यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. बत्रांनी पुढे ‘फोटोग्राफ’ (2019) मध्ये सिद्दीकींनाच घेऊन मुंबईतल्या दोन अनोळखी माणसांची गोष्ट पुन्हा मांडली.