शिवसुमन: बाग मोडली, कडा राहिला

शिवनेरी, पुरंदर, वज्रगड आणि सज्जनगड यांच्या कड्यांवर शिवसुमन ही बहुवर्षायू वनस्पती वाढते. पावसाळ्यात तिच्या मांसल फांद्यांना पाने फुटतात आणि पिवळे ठिपके असलेली गर्द तांबडी, पाच पाकळ्यांची फुले येतात. पाऊस सरला की पाने गळतात. फांद्यांत साठवलेल्या पाण्यावर ती कोरडा उन्हाळा काढते. तोडलेली फांदी कुंडीतही सहज रुजते. त्यामुळे तिच्या रक्षणाचा विषय निघाला की रोपवाटिका हाच उपाय पुरेसा वाटू लागतो. पुण्याच्या जुन्या उद्यानांचा इतिहास पाहिला तर ही भिस्त फार कच्ची आहे.

मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान उभारले. जुन्नरजवळ हिवरे येथेही बाग होती आणि तिथे औषधी वनस्पती लावल्या जात. १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन यांनी दापोडीचे काम सांभाळले. १८४७ ते १८५० या काळात तिथल्या झाडांची सुरेख चित्रे एका स्थानिक चित्रकाराने काढली. ती आज एडिंबरा येथे जपलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणी नोंदवून ठेवले नाही, आणि ही उणीव मनाला लागते. १८६१ मध्ये गिब्सन आणि निकोल डॅलझेल यांचा ‘द बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ आला. पुढे काही वर्षांतच डॅलझेल यांनी शिवसुमनाचे शास्त्रीय वर्णन केले आणि गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. त्याच दशकात गव्हर्नरांचा निवास दापोडीहून हलवण्यासाठी गणेशखिंडीत काम सुरू झाले आणि दापोडीची बाग मोडली. एवढा खर्च आणि एवढी विद्वत्ता लाभलेले उद्यान चार दशकेही टिकले नाही. शिवसुमन मात्र शेळी पोचत नाही अशा कपारीत, कोणी पाणी न घालता तगून राहिले.

यावर कोणी म्हणेल, ते उद्यान गव्हर्नरांच्या मर्जीवर चालत होते. आज पुण्यात १९५५ पासून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. हे खरे आहे, आणि संस्थांनी रोपे वाढवलीच पाहिजेत. पण एका झाडाच्या फांद्यांपासून केलेली शंभर रोपे आनुवंशिकदृष्ट्या एकच असतात. एखादा रोग आला तर ती सारी एकदम त्याला बळी पडू शकतात. परागीकरण करणाऱ्या माश्या, बी रुजायला लागणारी कपार आणि वेगवेगळ्या कड्यांवरच्या झाडांमधला फरक यांची भरपाई कुंडीतून होत नाही. कडेही आता निर्धोक नाहीत, हा दुसरा आक्षेप तर मान्यच करायला हवा: वणवे लागतात, पर्यटक वाढले आहेत आणि डागडुजीच्या वेळी तटावरचा झाडोरा सरसकट काढला जातो. म्हणूनच गडांच्या दुरुस्तीचा आराखडा करतानाच वनस्पतितज्ज्ञाकडून कडे तपासून घ्यावेत, आणि शिवसुमन असलेल्या कपारींना हात लावू नये.