टेकड्यांसाठी भरलेला कर

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला मुलाकडे गेलो की माझी सकाळ ‘कोयोटी हिल्स’वर जाते. नातवंडांसाठी आलेले मराठी आजी-आजोबा तिथे हटकून भेटतात. माझी नोकरी नगररचनेत गेली. त्यामुळे टेकडीइतकेच मला पायथ्याच्या फलकाचे कुतूहल. त्यावर नाव होते ‘ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट’चे. केवळ उद्यानांसाठी कर घेणारी, मतदारांनी निवडलेले संचालक मंडळ असणारी ही संस्था उभी कशी राहिली? शोध घेऊ लागलो, तर धागा थेट पाणीपुरवठ्यापर्यंत गेला.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडील ओकलंड, बर्कली या शहरांना पूर्वी लगतच्या टेकड्यांतील तलावांचे पाणी मिळे. पाणलोट क्षेत्र म्हणून त्या टेकड्या मोकळ्या राहिल्या. १९२९मध्ये सिएरा नेवाडातील मोकलमी नदीचे पाणी आले आणि पाणीपुरवठा मंडळाला सुमारे दहा हजार एकर जमीन जास्तीची वाटू लागली. ती घरबांधणीसाठी विकली जाईल, या धास्तीने नागरिक एकत्र आले. १९३०मध्ये ओल्मस्टेड बंधूंची संस्था आणि अ‍ॅन्सेल हॉल यांनी या टेकड्यांवरील उद्यानांचा अहवाल दिला. पाणी मंडळाने मात्र उद्याने चालवण्यास नकार दिला. तेव्हा १९३३मध्ये राज्याच्या विधिमंडळाकडून स्वतंत्र कायदा करून घेण्यात आला.

काळ महामंदीचा होता. तरीही नोव्हेंबर १९३४मध्ये सात शहरांतील दोन-तृतीयांशांहून अधिक मतदारांनी स्वतःवर नवा कर बसवून घेतला: मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर शंभर डॉलरमागे पाच सेंट. शेजारच्या काँट्रा कोस्टा परगण्यातील शेतकऱ्यांचा विरोध होता, म्हणून तो परगणा आधीच वगळला होता. बर्कलीचे माजी पोलीसप्रमुख ऑगस्ट व्हॉल्मर आणि मिल्स कॉलेजच्या अध्यक्ष ऑरेलिया राइनहार्ट हे पहिल्या पाच संचालकांपैकी. १९३६मध्ये पाणी मंडळाकडून सुमारे दोन हजार एकर जमीन विकत घेतली गेली आणि पहिली तीन उद्याने झाली. त्यांतले टेमेस्कल म्हणजे पूर्वीचा पिण्याच्या पाण्याचा तलाव. बेकारांसाठीच्या सरकारी योजनांतील मजुरांनी तिथली बांधकामे केली.

१९६२मध्ये विल्यम पेन मॉट व्यवस्थापक झाले आणि विस्ताराला वेग आला. तीस वर्षे बाहेर राहिलेला काँट्रा कोस्टा १९६४मध्ये मतदानाने सामील झाला. १९७३मध्ये पहिला बृहत् आराखडा आला. जमीन आधी घेऊन ठेवायची आणि देखभालीची सोय झाल्यावरच ती लोकांसाठी खुली करायची, ही इथली रीत मला विशेष वाटली. घेतलेली जमीन लगेच फीत कापून दाखवण्याचा मोह त्यात टळतो.

१९७८मध्ये ‘प्रॉपोझिशन १३’ने राज्यभरच्या मालमत्ता कराला कात्री लावली. जमीन घेण्यासाठी पुन्हा लोकांकडेच जावे लागले, तेही दोन-तृतीयांश मतांच्या अटीवर. १९८८मध्ये २२.५ कोटी आणि २००८मध्ये ५० कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर झाले. दोन्ही वेळा चौथा हिस्सा स्थानिक संस्थांच्या उद्यानांसाठी राखला होता. त्यामुळे दूरच्या टेकडीसाठी मत देणाऱ्याला आपल्या वस्तीतली बागही दिसत होती.

मुंबईतही विहार आणि तुळशी तलावांच्या पाणलोटामुळे बोरिवलीचे जंगल राखायला हातभार लागला. पाण्याने हिरवळ वाचवल्याचा अनुभव आपल्यालाही आहे. फरक पुढच्या पायरीत आहे. आपले उद्यानाचे आरक्षण बहुधा पालिकेच्या हद्दीपाशी थांबते. टेकडी मात्र हद्द ओलांडून पुढे जाते. मी स्वतः नकाशांवर कितीतरी भूखंड हिरवे रंगवले. भूसंपादनाचा पैसा कुठून येणार, हा प्रश्न आम्ही पुढच्या माणसावर सोडत होतो. त्यांतल्या काही भूखंडांवर आज इमारती आहेत. कोयोटी हिल्सवरून उतरताना मला ते भूखंड क्रमांकांसह आठवतात. तो पाच सेंटचा प्रश्न आम्ही लोकांना कधी विचारलाच नाही.