गाई-म्हशीला अँटिबायोटिक दिल्यावर दूध किती दिवस घालायचं नाही? इंजेक्शनाची वेळच येऊ नये म्हणून काय करायचं?

गाईला दगडी (कासदाह) झाली की मेडिकलमधून इंजेक्शन आणायचं, दोन डोस द्यायचे आणि कास मऊ पडली की बंद करायचं, असं अनेक गोठ्यांत चालतं. अशा वापराने कमजोर जंतू मरतात, दणकट उरतात आणि तेच वाढतात. पुढच्या वेळी ते औषध लागू पडत नाही. हे जंतू शेण, दूध आणि हातावाटे घरात येतात. मग माणूस आजारी पडला तरी औषधाचा गुण येत नाही.

कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटी वापरायचं औषध. ते कोंबड्यांच्या खाद्यातही जात होतं. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये कोंबड्या, मासे, दुभती व मांसाची जनावरं आणि पशुखाद्य यांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

किती दिवस थांबायचं?

औषधाच्या लेबलवर थांबण्याचा काळ लिहिलेला असतो, तो पाळायचा. औषधाचा असा काळ तपासून ठरलेला नसेल, तर नियमाप्रमाणे शेवटच्या डोसनंतर किमान:
- दूध व अंडी : ७ दिवस
- मांस : २८ दिवस
- मासे : ५०० अंश-दिवस. म्हणजे तळ्याचं पाणी २५ अंश असेल तर २० दिवस.

या काळातलं दूध डेअरीला घालू नये, घरातही वापरू नये. वासरालाही पाजू नये, नाहीतर त्याच्या पोटात दणकट जंतू तयार होतात. दुधात औषधाचा अंश जास्त असला तर विरजण नीट लागत नाही. पण दही लागलं म्हणजे दूध शुद्ध, असं समजू नये.

दगडी टाळायची कशी?

- धार काढण्याआधी हात व सड धुऊन कोरडे करावेत.
- पहिल्या धारा काळ्या कपड्यावर घ्याव्यात. गाठी दिसल्या तर दगडीची सुरुवात समजावी.
- आजारी जनावराची धार सगळ्यात शेवटी काढावी.
- धार झाल्यावर सड जंतुनाशकात बुडवावेत. सडाचं तोंड सुमारे अर्धा तास उघडं राहतं. तेवढा वेळ वैरण टाकून जनावर उभं ठेवावं.
- गोठा कोरडा ठेवावा.

सुरुवातीच्या दगडीवर राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ एक घरगुती लेप सुचवतं. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम एकत्र वाटायचं. दूध पूर्ण काढून, कास धुऊन हा लेप पाण्यात पातळ करून लावायचा. दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस. ताप असेल, दुधात रक्त किंवा पू येत असेल, जनावर वैरण खात नसेल, तर लेपावर विसंबू नये. लगेच डॉक्टर बोलवावा.

लाळ-खुरकूत आणि लम्पी हे विषाणूचे आजार आहेत. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही, ते फक्त जखमेत जंतू शिरले तर डॉक्टर देतात. यावर खरा उपाय म्हणजे वेळेवर लसीकरण.

अँटिबायोटिक लागलंच, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावं आणि डोस पूर्ण करावा. गोठ्यात एक वही टांगून जनावर, औषध, तारीख आणि दूध कधीपासून घालायचं ते लिहावं. धार काढणारा रोज बदलत असेल तर ही वहीच उपयोगी पडते. पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.