राणीच्या डोक्यावरची हॅट

१४ मे १९९१ रोजी वॉशिंग्टन येथे व्हाइट हाउसच्या हिरवळीवर ब्रिटनच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांचे समारंभपूर्वक स्वागत झाले. अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांचे भाषण आटोपल्यावर राणी त्याच जागी बोलावयास उभ्या राहिल्या. बुश सहा फुटांहून उंच, तर राणींची उंची पाच फूट चार इंचांच्या आसपास. त्यांच्यासाठी केलेली पायरी पुढे ओढावयाची राहून गेली आणि ध्वनिक्षेपकांच्या जुडग्यामागे त्यांचा चेहराच लोपला. समोरच्यांना दिसत होती ती केवळ हॅट. ‘बोलणारी हॅट’ म्हणून हा प्रसंग वृत्तपत्रांत गाजला. दोन दिवसांनी अमेरिकी काँग्रेससमोर भाषणास आरंभ करताना, आज तरी आपण सर्वांना दिसत असू अशी आशा व्यक्त करून राणींनी सभागृहाला हसविले.

या फजितीतील गंमत अशी की, राजघराण्यातील स्त्रियांच्या हॅटचे काम नेमके याच्या उलट असते. हजारोंच्या गर्दीत, पावसाळी हवेत, दूरवर उभ्या असलेल्या माणसालाही चेहरा चटकन सापडावा यासाठी ती घातलेली असते.

मूळ प्रथा मात्र दिसण्याची नव्हे, झाकण्याची आहे. बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, प्रार्थनेच्या वेळी स्त्रीने मस्तक झाकावे असे सेंट पॉल यांनी सांगितले आहे. युरोपात शतकानुशतके कुलीन स्त्रीने उघड्या डोक्याने घराबाहेर पडणे अशोभनीय मानले जाई. डोईवरच्या पदराची रीत ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात परके वाटण्यासारखे काही नाही. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर येथील राजघराण्यांच्या जुन्या छायाचित्रांतही पदर डोक्यावरच दिसतो. इंग्लंडमध्ये हे बंधन दुसऱ्या महायुद्धात सैलावले. हॅटशिवाय चर्चमध्ये येण्यास हरकत नाही, असे तेथील धर्माधिकाऱ्यांनी १९४२ साली जाहीर केले. पुढे साठच्या दशकातील उंच केशरचना आणि बुटक्या छपरांच्या मोटारी यांनी सामान्य स्त्रीच्या डोक्यावरची हॅट जवळजवळ उतरविलीच. राजघराण्यात ती टिकली, आणि इतरांनी सोडल्यामुळेच तेथे तिला गणवेशाचे रूप आले.

या गणवेशाचे काही संकेत आहेत. हॅट दिवसाची. सायंकाळी सहानंतर ती उतरते आणि औपचारिक मेजवानीत तिची जागा टिआरा, म्हणजे रत्नजडित शिरोभूषण, घेते. टिआरा साधारणतः विवाहित स्त्रियांनीच घालावा असा रिवाज आहे. हॅटला असे बंधन नाही. सुट्टीत बालमोरल येथे फिरताना राणी एलिझाबेथ साधा रेशमी रुमाल हनुवटीखाली बांधीत. रुमाल खासगी आयुष्याचा आणि हॅट कर्तव्याची, ही वाटणी त्यांनी अखेरपर्यंत पाळली.

हॅट घडविणे ही स्वतंत्र कारागिरी आहे. हिवाळ्यासाठी लोकरीचा अथवा सशाच्या केसांचा नमदा घेतात. उन्हाळ्यासाठी गवताची वेणी किंवा सिनामे वापरतात. सिनामे हे अबाका या फिलिपीन्समधील, केळीच्या कुळातल्या झाडाच्या तंतूंचे विणलेले कापड होय. ते वाफेवर मऊ करून लाकडी साच्यावर ताणून बसवितात, वाळल्यावर कड कापून आतून तार शिवतात आणि मग पिसे, फुले, जाळी यांची सजावट होते. राजस्त्रीसाठी हेच काम करताना अडचणी वाढतात. कड रुंद असेल तर चेहऱ्यावर सावली पडते आणि छायाचित्रकार हळहळतात. म्हणून ती आखूड ठेवावी लागते किंवा वर वळवावी लागते. उंची वाढविली तर मोटारीच्या दारातून उतरताना ती छताला लागते. विमानाच्या जिन्यावर वारा असतो, आणि पुष्पगुच्छ स्वीकारणाऱ्या हातांना हॅट सावरण्याची मुभा नसते. म्हणून केसांत हॅटपिना पक्क्या बसवाव्या लागतात. राजहॅटचा ठरावीक आकार पाहून कंटाळणाऱ्यांनी या अडचणी ध्यानात घ्याव्यात.

पंचम जॉर्ज यांच्या पत्नी राणी मेरी यांनी तर अडचणींवर एकच कायमचा तोडगा काढला होता. बिनकडेची, उंच ‘टोक’ ही टोपी त्यांनी तरुणपणी स्वीकारली आणि फॅशन कितीही बदलली तरी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत सोडली नाही.

त्यांच्या नातीने मात्र अनेक कारागिरांना वाव दिला. डेन्मार्कहून लंडनला आलेले ओगे थारूप, फ्रान्समधील सिमोन मिरमान, ऑस्ट्रेलियात जन्मलेले फ्रेडरिक फॉक्स अशी ही परंपरा. एकट्या फॉक्स यांनी राणींसाठी ३५०हून अधिक हॅट्स केल्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध गुलाबी हॅट जून १९७७ मध्ये, राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये झालेल्या उपासनेच्या वेळची. तिच्यावरून घंटेच्या आकाराची कापडी फुले लोंबत होती. फुले पंचवीस आणि राज्यकारभाराची वर्षेही पंचवीस, हा मेळ आजही कौतुकाने सांगितला जातो. पण हाच गुलाबी पोशाख राणींनी आदल्या वर्षी, जुलै १९७६ मध्ये, मॉन्ट्रियल ऑलिंपिकच्या उद्घाटनाला घातला होता. रौप्यमहोत्सवाचा अर्थ त्याला नंतर चिकटला असणे अधिक संभवनीय.

अर्थ चिकटविण्याच्या या लोकछंदाचा कळस २१ जून २०१७ रोजी झाला. ब्रिटिश संसदेच्या अधिवेशनाचे उद्घाटन होते. निवडणूक अचानक झाल्याने समारंभ साधेपणाने करण्यात आला आणि राणी मुकुटाऐवजी हॅट घालून आल्या. हॅट निळी, पुढच्या बाजूस निळ्या फुलांची रांग आणि प्रत्येक फुलाच्या मध्यभागी पिवळा ठिपका. युरोपीय महासंघाचा ध्वज निळा, त्यावर पिवळे तारे. महासंघातून बाहेर पडण्याच्या वाटाघाटी दोनच दिवसांपूर्वी सुरू झालेल्या, आणि त्यासंबंधीच्या विधेयकांची घोषणा राणींनाच वाचून दाखवावयाची होती. तासाभरात समाजमाध्यमांवर दोन्ही छायाचित्रे शेजारीशेजारी झळकली. युरोपीय संसदेतील नेते गी व्हेरहोफ्स्टाट यांनीही त्यावर मिस्कील टिप्पणी केली. राणींच्या पोशाखप्रमुख अँजेला केली यांनी २०१९ च्या आपल्या पुस्तकात हा निव्वळ योगायोग असल्याचे लिहिले.

तो योगायोगच मानणे रास्त. तरीही लोकांनी असा अर्थ का शोधला, हे समजण्यासारखे आहे. घटनेनुसार राजाने वा राणीने राजकीय मत व्यक्त करावयाचे नसते. भाषणही मंत्रिमंडळाने लिहून दिलेलेच वाचावयाचे. जिच्या मनातले कधीच कळत नाही, तिच्या डोक्यावरचे सारे जग वाचू लागते. ज्या देशाला भेट द्यावयाची त्याचा मान राखण्यापुरती बोलण्याची मोकळीक हॅटला असते, आणि तिचा उपयोग केला जातो. १ जुलै २०११ रोजी कॅनडा दिनी ओटावा येथे विल्यम यांच्या पत्नी कॅथरिन यांच्या लाल हॅटवर मेपलचे पान होते. ऑक्टोबर १९९७ मध्ये अमृतसरला राणी एलिझाबेथ केशरी पोशाखात आल्या होत्या. सुवर्णमंदिरात त्यांनी पादत्राणे काढली. मस्तक झाकण्याचा तेथील नियम त्यांच्या हॅटमुळे आपोआप पाळला गेला.

दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळाचा मान राखणे नेहमीच इतके सोपे जात नाही. मोठ्या, ठसठशीत हॅट्ससाठी ख्यातनाम असलेल्या नेदरलँड्सच्या राणी बेआट्रिक्स यांनी जानेवारी २०१२ मध्ये अबुधाबीच्या मशिदीत जाताना हॅटवरूनच ओढणी घेतली. मायदेशी खेर्ट विल्डर्स यांच्या पक्षाने त्यावरून टीकेची झोड उठविली. राणींनी पत्रकारांशी बोलताना ती टीका मूर्खपणाची ठरविली. एरवी मौन पाळणाऱ्या राणीला हॅटवरच्या कापडासाठी तोंड उघडावे लागले.

हॅट नाकारणाऱ्या स्त्रीचीही नोंद येथे आवश्यक आहे. १९८१ साली लग्नानंतर मधुचंद्राला निघताना डायना यांनी जॉन बॉइड यांनी केलेली छोटी गुलाबी हॅट घातली होती आणि तिच्या अनुकरणाची लाटच आली. पुढे रुग्णालये, अनाथाश्रम, कुष्ठरुग्णांची केंद्रे हे त्यांच्या कार्याचे क्षेत्र झाले. हॅट घालून मुलाला कुशीत घेता येत नाही, अशी त्यांची तक्रार सांगितली जाते. हॅट व हातमोजे यांचा वापर त्यांनी कमी करीत नेला. एप्रिल १९८७ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात एड्सग्रस्त रुग्णाशी त्यांनी उघड्या हाताने हस्तांदोलन केले, तेव्हा स्पर्शाने रोग पसरतो या भीतीला तो हात जेवढे उत्तर देऊ शकला, तेवढे कोणतेही निवेदन देऊ शकले नसते.

आज शाळा व रुग्णालयांच्या भेटींत ब्रिटिश राजघराण्यातील स्त्रिया बहुधा उघड्या डोक्यानेच दिसतात. चर्चमधील उपासना, लष्करी संचलने, विवाह आणि अ‍ॅस्कॉटच्या शर्यती एवढ्यांपुरती हॅट राहिली आहे. अ‍ॅस्कॉटच्या शाही कक्षात तर २०१२ पासून नुसती पिसांची कलगी चालत नाही. शिरोभूषणाचा तळ किमान चार इंचांचा हवा. अतिरेकाचीही परंपरा आहेच. २०११ च्या राजविवाहात राजकन्या बिआट्रिस यांनी घातलेल्या, फिलिप ट्रेसी यांच्या वेटोळ्या शिरोभूषणाची जगभर टिंगल झाली. बिआट्रिस यांनी ते लिलावात काढले आणि ८१ हजार पौंडांहून अधिक रक्कम मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दिली.

१९ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या अंत्यविधीला राजघराण्यातील स्त्रिया काळ्या हॅट्स घालून वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये आल्या. त्यांच्यात सात वर्षांची पणती शार्लट होती. तिच्याही डोक्यावर काळी हॅट होती.