पुतळीवरची लक्ष्मी

कोकणातल्या नवरीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ दिसते. रेशमी गोफात ओवलेल्या सोन्याच्या गोल चकत्या, बहुतेकींवर लक्ष्मी. ही चकती मुळात नाणं होती, आणि त्या नाण्यावर होते दाढीवाले पुरुष.

व्हेनिसने १२८४ मध्ये सोन्याचा डुकाट पाडायला घेतला. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळपास शंभर नंबरी. एका बाजूला शहराचा रक्षक संत मार्क, त्याच्या हातून गुडघे टेकून ध्वज घेणारा राज्यप्रमुख डोज. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांमध्ये ख्रिस्त. हे राज्य राजाचं नव्हतं, म्हणून त्याची ओळख संताच्या रूपात उभी राहिली. डोज बदलला की नाव बदले, चित्र मात्र पाच शतकं तेच. सराफाला आणखी काय हवं!

मिरी-मसाल्याच्या मोबदल्यात हे सोनं तांबड्या समुद्रातून आपल्या किनाऱ्याला लागे. दापोली तालुक्यातलं दाभोळ तेव्हा बहमनींचं आणि पुढे आदिलशाहीचं मोठं बंदर होतं. रशियन प्रवासी निकितीन पंधराव्या शतकात इथूनच होर्मुझकडे निघाला. इथल्या लोकांना ना मार्क ठाऊक, ना डोज. दिसल्या त्या उभ्या आकृत्या, म्हणून नाव पडलं पुतळी. देशी सोनारांनी नकला पाडल्या, तेव्हा लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या झाल्या. पुढे संत गेला आणि लक्ष्मी आली.

व्हेनिसप्रमाणे देशाला मूर्तीचं रूप देऊन ती सोन्यावर उमटवण्याची हौस युरोप-अमेरिकेत अजून टिकून आहे. अमेरिकेच्या १९८६ पासूनच्या ‘ईगल’ नाण्यावर मशाल घेतलेली लिबर्टी आहे, ब्रिटनच्या १९८७ पासूनच्या नाण्यावर ढाल-त्रिशूळवाली ब्रिटानिया.

मुंबईच्या टाकसाळीतही १९१८ मध्ये सोन्याच्या गिन्या पडल्या. त्यांवर ड्रॅगन मारणारा संत जॉर्ज आणि भारताची खूण म्हणून बारीकसा ‘आय’. स्वतंत्र भारताने २०१५ मध्ये सोन्याचं नाणं काढलं, तेव्हा अशोकचक्र आणि गांधीजी निवडले. भारतमाता नाण्यावर आली ती २०२५ मध्ये, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शताब्दीनिमित्त काढलेल्या शंभर रुपयांच्या नाण्यावर. ते सोन्याचं नाही.

व्हेनिसचं प्रजासत्ताक १७९७ मध्ये नेपोलियनपुढे कोसळलं आणि डोजही संपला. पुतळ्या मात्र आजही पातळ पत्र्यावर साच्याने ठोकल्या जातात, आणि त्यांच्या कडेला डुकाटासारखी ठिपक्यांची गोल रांग असते.