अंथरुणाला खिळायचं की चालत राहायचं?

कमरेत उसण भरली, की आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नसतो. एक जण म्हणतो, फळीवर पडून राहा, अजिबात उठू नका. दुसरा तेल लावून शेक घ्यायला सांगतो. तिसरा एखाद्या हाडवैद्याचं गाव सांगतो, तर चौथा म्हणतो, एमआरआय काढून टाका एकदाचा. मी डॉक्टर नाही. वैद्यकाच्या इतिहासाचा एक वाचक आहे. तो वाचताना जाणवतं, की या सगळ्या सल्ल्यांच्या मुळाशी एक जुनं भांडण आहे. दुखणाऱ्या अंगाला विश्रांती द्यायची, की त्याला हलतं ठेवायचं?

आपल्या परंपरेचा कल कुणीकडे होता? आयुर्वेदाने अशा बऱ्याच दुखण्यांचा विचार वातव्याधी म्हणून केला. चरकसंहितेत त्यांवर स्नेहन, स्वेदन, बस्ती असे उपचार येतात. त्यांत तेल, ऊब आणि मर्दन हे आलंच. वाग्भटाने तर 'अष्टांगहृदया'त निरोगी, बलवान माणसानेही व्यायाम निम्म्या शक्तीपर्यंतच करावा असं म्हटलं आहे. वज्रेश्वरीच्या किंवा उन्हवऱ्याच्या गरम कुंडांत सांधे शेकायला लोक जातात, तेही याच वाटेने. या उपचारांची आजच्या अर्थाने चाचणी त्या काळी झाली नव्हती. पण दुखणाऱ्या माणसाला आठवडेच्या आठवडे निजवून ठेवणं हा काही त्यांचा गाभा नव्हता.

तो गाभा झाला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये. जॉन हिल्टन या शल्यविशारदाने लंडनमध्ये विश्रांती आणि वेदना या विषयावर व्याख्यानं दिली. १८६३ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि ते पुढे कित्येक पिढ्यांनी वाचलं. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी हाच विचार टोकाला नेला. सांध्याला विश्रांती हवी ती सक्तीची, अखंड आणि दीर्घकाळ, असं ते म्हणत. गंमत अशी, की थॉमस हे हाडवैद्यांच्या घराण्यातले. त्यांचे वडील आखडलेले सांधे हाताने मोकळे करून देणारे प्रसिद्ध हाडवैद्य होते. मुलगा मात्र डॉक्टर झाला आणि सांधे बांधून ठेवू लागला! हाडवैद्यांना सरसकट हसण्यावारी नेऊ नये, हे त्याच काळात जेम्स पॅजेट या नामवंत शल्यविशारदाने ओळखलं होतं. हाडवैद्य बरे करतात अशा रुग्णांवर त्याने १८६७ मध्ये एक व्याख्यानच दिलं. त्यांचं चांगलं ते घ्या, वाईट ते टाळा, असं त्याचं सांगणं होतं.

थॉमस चुकीचे होते का? नाही. त्यांच्यासमोर येत ते हाडांच्या क्षयाचे आणि मोडक्या हाडांचे रुग्ण. क्षयावर औषध नव्हतं, तेव्हा सांधा स्थिर ठेवणं हाच शहाणपणाचा उपाय होता. चूक पुढे झाली. एका आजाराला लागू पडलेला नियम प्रत्येक दुखण्याला लावला गेला. १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्सटर आणि बार यांनी मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली जाते, हे दाखवून दिलं. शोध खराच होता. पण त्यानंतर प्रत्येक दुखऱ्या कमरेत सरकलेली चकती दिसू लागली. मग पडून राहा, वजन लावा, पट्टा बांधा, असं सुरू झालं.

हालचालीची बाजू मांडणारेही होतेच. मुंबईत १९५२ मध्ये केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. पण विश्रांती आणि हालचाल यांना एका तागडीत घालून पाहायला बराच काळ जावा लागला.

१९८६ मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या २०३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला दोन दिवस अंथरुणात राहायला सांगितलं, दुसऱ्याला सात दिवस. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले आणि बाकी बाबतीत ते कुठेच मागे नव्हते. १९९५ मध्ये हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर पुढची चाचणी झाली. काहींना विश्रांती, काहींना खास व्यायाम, तर काहींना झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवायला सांगितलं. सर्वांत चांगले राहिले ते हे शेवटचे, आणि सर्वांत सावकाश सुधारले ते अंथरुणातले.

त्याआधी एक वर्ष, १९९४ मध्ये, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले गेले. त्यांपैकी फक्त ३६ टक्के लोकांच्या सगळ्या चकत्या निर्दोष निघाल्या! फोटोत दिसलेला दोष हेच दुखण्याचं कारण, असं म्हणता येत नाही ते यामुळेच.

मात्र या चाचण्या होत्या नुकत्याच सुरू झालेल्या कंबरदुखीच्या. महिनोन्महिने पाठ न सोडणाऱ्या वेदनेसाठी अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७० च्या दशकात वेगळी वाट काढली. दुखेपर्यंत चालायचं आणि मग थांबायचं, असं नाही. रोजचं चालणं आधीच ठरवायचं, झेपेल तेवढंच, आणि ते थोडं थोडं वाढवत न्यायचं. वाग्भटाची निम्मी शक्ती मला इथे हमखास आठवते. दोन्ही एकच नव्हेत, पण दोघांनाही बेताचं मोल कळलं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यात रुग्णाला नीट समजावणं, व्यायाम, मालीश आणि मनाला आधार देणारे उपचार यांना जागा आहे. कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन यांची मात्र शिफारस नाही.

इथे थॉमसनंतरची चूक उलट दिशेने करायला नको. संधिवाताभ सांधेदुखीत सांधे सुजतात, सकाळी तासन्‌तास आखडतात. तिथे नुसत्या चालण्याने भागत नाही. योग्य औषध लवकर सुरू झालं तर सांधे वाचतात. कंबरदुखीबरोबर ताप असेल, वजन घटत असेल, पाय लुळा पडत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर तडक रुग्णालय गाठावं.

आणखी एक. हेलसिंकीच्या त्या माणसांना झेपेल तसं काम करण्याची मुभा होती. दिवसभर चिखलात वाकून भात लावणाऱ्या बाईला किंवा पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला 'चालत राहा' एवढंच सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. विश्रांती त्यांना कधीच परवडली नाही, आणि त्यांची हालचाल बेताची कधीच नव्हती. इतिहासाने विश्रांती आणि हालचाल यांचा वाद बराचसा मिटवला आहे. 'झेपेल तेवढं' हा शब्द त्यांच्या वाट्याला कसा येईल, हे ठरवणं मात्र डॉक्टरांच्या हातात नाही; ते त्यांना कामाला लावणाऱ्या आपल्या हातात आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)